शुक्रावर एकादशी नसते

चारचौघांत बसलेलं असताना कुणीतरी म्हणतं, "काय उकडतंय हो!" सभ्य माणूस अशा वेळी "हो ना" म्हणतो आणि पंख्याकडे बघतो. मी म्हणतो, "शुक्रावर ४६५ अंश सेल्सिअस असतं." त्यानंतर थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही.

ही शांतता माझ्या चांगल्या परिचयाची आहे. लोकांना वाटतं, याला विद्वत्ता मिरवायची आहे. तसं मुळीच नाही. विद्वान माणसाला शुक्र इतका का तापतो हे तासभर सांगता येतं. मला एवढंच माहीत असतं, की तिथली हवा म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड आणि तो उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. त्यापुढचा प्रश्न कुणी विचारलाच, तर मी ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे सांगून विषय बदलतो. आमच्या जातकुळीतल्या माणसांच्या ज्ञानाला लांबी-रुंदी भरपूर असते, खोली नसते.

शुक्राची गंमत मात्र तापमानापेक्षा त्याच्या चालीत आहे. स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला तो आपले २४३ दिवस लावतो आणि सूर्याची प्रदक्षिणा २२५ दिवसांत उरकतो. म्हणजे एक गिरकी पुरी व्हायच्या आत तिथलं वर्ष संपलेलं असतं. शिवाय फिरतो उलटा, त्यामुळे सूर्य पश्चिमेला उगवतो. (या उलट्या फिरण्यामुळे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ११७ दिवसच जातात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वाचकांत माझ्यासारखा दुसरा कुणी असेल तर तो ही संधी सोडणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर सोडली नसती.)

मी बँकेत नोकरी करतो. एकतीस मार्चच्या रात्री शाखेत ताळा जुळत नव्हता, सगळे घामाघूम झाले होते, तेव्हा मी ही शुक्राची हकिकत मॅनेजरसाहेबांना ऐकवली. गिरकी संपायच्या आधी वर्ष संपतं, हे ऐकून त्यांनी मान वर केली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "मग तिथे इयर-एंडिंग कसं करतात?" माझ्या माहितीवर कुणी उपप्रश्न विचारण्याचे प्रसंग फार थोडे. मला गहिवरून आलं. नंतर लक्षात आलं, की साहेबांना शुक्रावर बदली मागायची होती.

घरी माझी सगळ्यात दर्दी श्रोती म्हणजे साताऱ्याची आत्या. ती आषाढात आमच्याकडे डोंबिवलीला येते. तिला मी सांगितलं, "आत्या, शुक्राला चंद्रच नाही. चंद्र नाही म्हणजे तिथी नाहीत. तिथी नाहीत म्हणजे एकादशी नाही, चतुर्थी नाही, काही नाही." आत्याने जपमाळ थांबवली. "मग मेलं तिथे राहायचं तरी कशाला?" ४६५ अंशांमुळे ज्या ग्रहावर जायला नासासुद्धा कचरते, तो आत्याने एका वाक्यात निकालात काढला.

तिला खूश करावं म्हणून मी आपल्या चंद्राकडे वळलो. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक आरसे ठेवले आहेत. पृथ्वीवरून त्यांच्यावर लेसर सोडला की तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजता येतं. त्या मोजणीतून कळलं, की चंद्र आपल्यापासून दर वर्षी ३.८ सेंटीमीटर लांब चालला आहे. आत्या म्हणाली, "तरीच! हल्ली संकष्टीला उशिरा उगवतो."

पण खरी धमाल एकादशीला झाली. पानात साबुदाण्याची खिचडी होती, बटाट्याची भाजी होती, उकडलेलं रताळं होतं, राजगिऱ्याचा लाडू होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते खाण्यासाठी नव्हतं.

कारण हे पान अमेरिकेतून आलेलं आहे. आपल्याकडचा साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तमिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे कारखाने आहेत, पण तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथल्या अँडीज पर्वतातला. मिरची तिकडचीच; पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. रताळंही अमेरिकेकडचंच. राजगिरा मेक्सिको आणि पेरूकडचे लोक हजारो वर्षं खात आले. अगदी आत्याने "शेवटी एक फोड घे" म्हणून पुढे केलेली पपईसुद्धा मध्य अमेरिकेची. त्या पानात जुन्या जगाचं म्हणाल तर तूप, जिरं, मीठ, लाडवातला गूळ आणि वरून भुरभुरलेला नारळ. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० साली आणि कोलंबस निघाला १४९२ मध्ये. म्हणजे ज्या एकादशीची थोरवी माउलींच्या काळापासून गायली जाते, त्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी खुद्द माउलींनी कधी पाहिलेलीही नव्हती.

हे मी बऱ्यापैकी आवाज चढवून सांगितलं. हिने माझ्याकडे "आता बास" अशा नजरेने पाहिलं. एका वृद्ध बाईच्या पन्नास-साठ वर्षांच्या उपासाखालची सतरंजी मी ओढून घेतली होती. आत्याने घास संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पांडुरंगानेच त्यांना लावायला सांगितलं असणार बघ. वर्षाला चोवीस एकादश्या. नुसत्या वरीच्या तांदळावर माणसाने किती काढायच्या?" आणि मग हिला म्हणाली, "सूनबाई, खिचडी वाढ थोडी. एवढ्या लांबून आली आहे."

आश्चर्यकारक माहिती ऐकून माणसं हादरतात, असा आमच्या धंद्यातल्या लोकांचा समज असतो. आत्याने तो कायमचा घालवला. हादरायला मुळात माणूस आपण कशावर उभे आहोत हे तपासणारा लागतो. आत्या बसलेली असते.

हिचा मार्ग वेगळा. ती माहितीला विरोध करत नाही, तिची उपयुक्तता तपासते. आकाश आणि अवकाश यांची सीमा आंतरराष्ट्रीय रूढीनुसार समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटरवर मानतात. डोंबिवलीहून पुणं त्याहून लांब. "म्हणजे अवकाश आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे," मी उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "हो, पण माझी बहीण पुण्यात राहते." यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. मी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवरून दिवसाला पंधरा-सोळा चकरा मारतं, हेही सांगणार होतो. पण तोवर ती विचारती झाली, "त्यांना गच्ची दिसत असेल का हो? आपली गळते कुठून ते कळलं असतं."

ऑफिसात मात्र माझ्या एका गोष्टीला मानाचं स्थान मिळालं. १९६९ साली चंद्रावरून परत आल्यावर नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स या तिघांच्या सह्यांचा कस्टमचा एक कागद आहे. प्रवास कुठून? चंद्र. कुठे? होनोलुलू. सोबत माल काय? चंद्रावरचे दगड आणि धूळ. यात थट्टेचा भाग होताच, पण कागद खरा आहे. याहून सरस म्हणजे ऑल्ड्रिन यांचं प्रवासभत्त्याचं बिल. ते त्यांनी स्वतःच पुढे लोकांना दाखवलं. ह्यूस्टनहून केप केनेडी, तिथून चंद्र, तिथून प्रशांत महासागर, हवाई, आणि परत ह्यूस्टन. एकूण रक्कम ३३ डॉलर ३१ सेंट. राहण्या-जेवणाची सोय सरकारने केली होती, त्यामुळे बाकी काही मिळण्यासारखं नव्हतं.

हे ऐकून आमच्या शाखेतली टीए बिलं पास करणारी मंडळी काम थांबवून माझ्याभोवती जमली. कुणालाही चंद्रावर माणूस कसा उतरला हे विचारावंसं वाटलं नाही. त्यांना कळून घ्यायचं होतं, की तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरच्या टप्प्याला 'जवळच्या मार्गाने' हा रकाना कसा भरला, आणि बिलासोबत तिकिटाचा अर्धा भाग जोडला होता का. हेडक्लार्क खूप वेळ विचार करून म्हणाले, "पास झालं ना पण? मग नशीबवान माणूस." दोन वेगळ्या देशांतली, दोन वेगळ्या काळांतली कार्यालयं एका बिलामुळे इतकी जवळ आलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आता थोडं खोट्या माहितीविषयी. या क्षेत्रात भेसळ अतोनात. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे आपण शाळेत ऐकलं, आपल्या मुलांनी ऐकलं आणि आता नातवंडांना मोबाइलवर येतं. भिंत लांब आहे, पण रुंदीला जेमतेम काही मीटर. चंद्रावरून ती दिसत नाही, आणि चंद्रावर जाऊन आलेल्यांनीच हे सांगितलं आहे. चीन लांब असल्यामुळे ही दुरुस्ती करताना कुणाचं मन दुखावत नाही. भिंत आपल्या जिल्ह्यातली असली की कसोटी लागते.

माझी सासुरवाडी देवगडकडची. तिथला माझा मेहुणा कडवा गावाभिमानी. हापूस, खाडी, दशावतार आणि हेलियम या चार गोष्टी जगाला देवगड तालुक्याने दिल्या, असं त्याचं ठाम मत. हेलियम विजयदुर्ग किल्ल्यावर सापडला, सापडवणारे लॉकियरसाहेब, आणि त्यांनी दुर्बिणी ठेवल्या ते 'साहेबाचे कट्टे' आजही किल्ल्यावर आहेत, हे तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. अठरा ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

आता माझ्यासारख्या माणसाने काय करावं? १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाला वर्णपटदर्शकातून ग्रहणाशिवायही पाहता येतील, हे त्यांना तिथेच उमगलं. नॉर्मन लॉकियर यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे ऑक्टोबरमध्ये साधली, पण इंग्लंडमध्ये बसून. दोघांचे निरोप पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचले. आपल्याकडे यावरून दोन मंडळं झाली असती. फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. त्या ज्वालांच्या वर्णपटात जी पिवळी रेषा होती ती माहितीतल्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती, ती एका नव्याच मूलद्रव्याची आहे, हे म्हणायचं धाडस लॉकियर यांनी केलं. पुढे १८९५ मध्ये विल्यम रॅमझे यांना तो वायू पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडला. म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यात तो आधी दिसला आणि पायाखालच्या दगडात सत्तावीस वर्षांनी. लॉकियर विजयदुर्गावर आले, हेही शंभर टक्के खरं. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तेव्हा हेलियम पुरता जुना झाला होता.

हे सगळं मी गणपतीत, आरतीनंतर, खिरापत वाटली जात असताना सांगितलं. माजघरात एकदम सामसूम झाली. मेहुणा शांतपणे म्हणाला, "भाऊजी, पुढच्या वर्षी येताना ही माहिती डोंबिवलीतच ठेवून या." वातावरण निवळावं म्हणून मी म्हटलं, "अरे, पण आला तो माणूस केवढा! 'नेचर' हे जगातलं सर्वांत दबदब्याचं विज्ञान-साप्ताहिक त्याने १८६९ मध्ये सुरू केलं आणि पन्नास वर्षं चालवलं. ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरचे खलाशी हाताशी घेऊन तो तुमच्या किल्ल्यावर दुर्बिणी लावून बसला होता. हे काय कमी आहे?" मेहुण्याने हे मनावर घेतलं. पुढच्या गणपतीला गेलो, तर एसटी स्टँडवरच कानावर आलं, की 'नेचर' नावाचं जगप्रसिद्ध मासिक विजयदुर्गावर सुरू झालं. तेव्हापासून मी ठरवलं, की दुरुस्ती करताना सोबत नवी माहिती द्यायची नाही. तिचाही हापूस होतो.

गावाभिमानाचंच म्हणाल, तर मुंबईने एके काळी स्वतःची वेळच वेगळी ठेवली होती. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई महापालिकेने १९५५ पर्यंत मुंबईची जुनी वेळ सोडली नाही. ती देशाच्या ३९ मिनिटं मागे असे. लग्नाला उशिरा पोचलेल्या एका दूरच्या काकांना मी हे सांगितलं. आता ते प्रत्येक लग्नाला उशिरा येतात आणि वर माझ्याकडे बोट दाखवतात.

या सगळ्यावर हिचा प्रश्न एकच असतो, आणि तो वाजवी आहे. हे माहीत असून फायदा काय? आपल्या घरांत मुलगा काही वाचत बसला की आधी विचारतात, परीक्षेला आहे का? नसेल तर पुस्तक मिटतं. उपयोगी माहितीबद्दल मला आदर आहे, तिच्यावरच माझा पगार चालतो. पण ती फार लवकर शिळी होते. मुदतठेवीचे दर बदलतात, वेळापत्रकं बदलतात, केवायसीचे फॉर्म तर पेन उघडेपर्यंत बदलतात. निरुपयोगी माहितीला हा रोग नाही. तिच्याकडे कुणाचं कामच नसल्यामुळे तिला कुणी हात लावत नाही.

याचा अस्सल पुरावा म्हणजे ६१७४ हा आकडा. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी तो शोधला. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतात, आणि एकदा आले की हलत नाहीत. समजा १९४७. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२; पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पाचव्या खेपेला ६१७४. आमच्या घरी कुठलाही विषय काढा, सातव्या वाक्यापर्यंत तो गच्चीच्या गळतीवर येतो आणि तिथून हलत नाही, तसंच हे.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. इथल्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम म्हणजे आकड्यांचा पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर पोचले. पण मला त्यांच्याविषयी जिव्हाळा आहे तो आणखी एका कारणाने. त्यांनी काही संख्यांना 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, ही त्यांतली देखणी मंडळी. आणि डेम्लो म्हणजे जीआयपी रेल्वेवरचं एक स्टेशन, जिथे ही कल्पना त्यांना सुचली. आजचं डोंबिवली!

ज्या फलाटावर माणसाच्या डोक्यात गाडी, दरवाजा आणि चौथी सीट यापलीकडे विचार शिरायला जागा नसते, तिथे एक मास्तर अंकांची रांग लावत होते. हे समजल्यापासून मी लोकलमध्ये गप्प बसू शकत नाही.

परवा आठ-बाराच्या फास्टला मी डब्यात ही हकिकत सांगितली. कुणी म्हणालं, "बघू, करून दाखवा." खिडकीजवळच्या गृहस्थांना मी संख्या निवडायला सांगितलं. ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "१९८३!" कपिल देवच्या माणसाकडून दुसरी कोणती येणार? त्यांनी पेन काढून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सुरुवात केली. ८४४२. ५९९४. दिवा गेलं. ५३५५ आल्यावर आजूबाजूचे तिघं वाकले, एकाने मोबाइलवर ताळा घेतला. १९९८ आल्यावर कुणीतरी "जवळ आलं की काय परत!" म्हणालं. मुंब्रा गेलं. ८०८२. कळवा. ८५३२. शेवटचं षटक उरल्यासारखे सगळे श्वास रोखून उभे. १९८३ ही नेमकी सातही पायऱ्या चढायला लावणारी संख्या, हे मला माहीत होतं; मी बोललो नाही. शेवटची वजाबाकी झाली, ६१७४ आले, आणि डब्यात अशी आरोळी उठली की दारातल्या मंडळींनी काय झालं म्हणून आत पाहिलं.

तेवढ्यात गाडी सुटली. खिडकीजवळच्या गृहस्थांनी बाहेर नजर टाकली आणि ताडकन उभे राहिले. त्यांना ठाण्याला उतरायचं होतं. निरुपयोगी माहितीचा व्यवहारावर काहीच परिणाम होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी घाटकोपरला उतरून उलटी स्लो पकडणाऱ्या त्या गृहस्थांना गाठावं. जाता जाता त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण वर्तमानपत्राची ती कड मात्र फाडून खिशात घातली.